सायकल-व्यूह

बद्रीनाथने माझे सगळे घोडेस्वार मारले आणि मी त्याला काका म्हणाले. आमची ओळख ही अशी झाली!

थांबा, नीट सांगते.

धायरी फाट्यावर ऋषीदादाचं सायबर कॅफे आहे. खाली रसवंती, वर कॅफे. आत प्लायवूडची खुराडी, प्रत्येक खुराड्यात जाड पाठीचा एक कॉम्प्युटर, आणि दाराबाहेर चपलांचा डोंगर. दारावर ऋषीदादाने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे – 'कीबोर्ड हळू दाबावा. बडवायची हौस असल्यास घरी भांडी आहेत.'

पप्पांनी मला शनिवारी दुपारचा एक तास 'कॉम्प्युटर शिकायला' दिला होता. "आपल्या वावरात बिल्डिंगची स्कीम झाली, शेजारच्या वावरात स्कीम झाली," पप्पा म्हणायचे, "आता नांगर न्हाय, माऊस धरायचा. हिंजवडीला लागशील." मी शिकत होतेच की! रजेचा अर्ज टाइप कर, तो मध्यभागी घे, ठळक कर, झालं. उरलेला सगळा वेळ 'फौज'.

फौज म्हणजे गेम. त्याचं खरं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी असणार, पण ऋषीदादाच्या सीडीवर मार्करने नुसतं 'फौज' लिहिलं होतं, म्हणून आम्ही सगळे तेच म्हणायचो. दोघांनी दोन कॉम्प्युटरवर बसायचं. प्रत्येकाला एक गढी, गढीवर झेंडा, आणि हाताखाली तीन तऱ्हेचे सैनिक. घोडेस्वार तिरंदाजांना तुडवतात, भालाईत घोडेस्वारांना अडवतात, आणि तिरंदाज लांबून भालाइतांना टिपतात. ज्याने समोरच्याचा झेंडा काढला तो जिंकला. इतकं सोपं. आणि इतकं भयंकर!

त्या शनिवारी स्क्रीनवर समोरच्या खेळाडूचं नाव आलं – badrinath.

आता मला सांगा, बद्रीनाथ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? माझ्या डोळ्यांसमोर पांढरा लेंगा-शर्ट घातलेले, चष्मा कपाळावर चढवलेले, मुलाला ईमेल करायला आलेले कोणीतरी रिटायर्ड गृहस्थ आले. मी ठरवलं, म्हाताऱ्या माणसाला जरा सांभाळून हरवायचं.

आणि या गृहस्थांनी काय करावं? सगळं जग भालाईत पुढे आणि तिरंदाज मागे ठेवतं. यांनी तिरंदाज पुढे ठेवले! उघडे, विरळ, जणू कोणी शेंगदाणे सांडलेत. मी खूश. घोडेस्वार सोडले सुसाट. घोडे अगदी जवळ पोचले... आणि ते तिरंदाज वळले, मागे पळाले, मागच्या भालाइतांच्या रांगेत जागा सोडल्या होत्या त्यांतून सरसर आत शिरले – आणि जागा बंद! माझे घोडे थेट भाल्यांवर.

माझा तोल गेला. मी खुराड्यातूनच ओरडले, "अहो काका, हे काय? असं कुठे असतं का?"

समोरच्या प्लायवूडवरून हळूच एक डोकं वर आलं. खूप केस. मोठे, घाबरलेले डोळे. आणि आमच्या शेजारच्या शाळेचा पांढरा शर्ट.

"काका काऊन म्हणतेस?" ते डोकं म्हणालं. "मी दहावीत आहे."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण मी माघार घेणाऱ्यांतली नाही. "मग नाव कशाला असं ठेवलंस?"

"मी नाही ठेवलं. आजोबांनी ठेवलं." तो थांबला. "तुझं काय आहे?"

"राजनंदिनी."

"हां... म्हणजे नावं ठेवायला तुला मोकळीक आहे."

आणि डोकं खाली गेलं! मी तशीच उभी. ऋषीदादाने गल्ल्यावरून सांगितलं, "राजकन्या, बसून घ्या. छताला पंखा आहे."

*

त्या व्यूहाला मी 'चाळण' नाव दिलं. बारीक ते आत जातं, जाड ते वर राहतं. आठवडाभर डोक्यात चाळण, चाळण आणि चाळण. भूमितीच्या तासाला चाळण, जेवताना चाळण. आई म्हणाली, "ताटात काय रेघोट्या मारतेस?" मी पिठल्यात घोडे पळवत होते.

आणि पिठल्यातच उत्तर सापडलं! चाळणीवर सगळं पीठ एकदम ओतायचं नाही. थोडंसं टाकायचं. मी पुढच्या शनिवारी घोड्यांची एक छोटीशी तुकडी पाठवली, नुसती हूल द्यायला. बद्रीनाथचे तिरंदाज वळले, भालाइतांच्या रांगेत शिरायला लागले – आणि नेमके ते आत-बाहेर अडकलेले असताना माझ्या तिरंदाजांनी त्या गर्दीवर बाणांचा नुसता सडा घातला. त्याच्या तिरंदाजांना वळता येईना, भालाइतांना हलता येईना!

प्लायवूडवरून डोकं वर आलं. "हे... हे मस्त होतं."

"माहितीये मला."

"एवढा गर्व?"

"गर्व नाही, निकाल आहे."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आत जातो, फक्त एकच, डावा. मी हे मुद्दाम बघितलं नव्हतं. दिसलं.

मग दर शनिवारी तेच. तो काहीतरी विचित्र मांडायचा, मी ते मोडायचे. मी काहीतरी विचित्र मांडायचे, तो ते मोडायचा. त्याच्या एका व्यूहात सगळे घोडे गढीच्या मागे लपलेले असायचे आणि पुढे फक्त एक बिचारा भालाईत. आणि माझ्या 'कडबोळ्या'त सैनिक गोल गोल फिरत राहायचे आणि समोरच्याला कळायचंच नाही की तोंड कुठे आणि शेपूट कुठे. (दोनदा मलाही कळलं नाही.) खेळ संपला की आम्ही जिन्यात चपला शोधता शोधता भांडायचो. त्याची चप्पल नेहमी ढिगाच्या तळाशी असायची, कारण तो सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असायचा. कशासाठी, ते मी तेव्हा विचारलं नाही...

त्याची माहिती तुकड्या-तुकड्यांनी कळली. गाव मोर्शी, अमरावती जिल्हा. जूनमध्येच पुण्यात आलेले. वडील हिंजवडीच्या एका इमारतीत लिफ्टचं आणि विजेचं काम बघतात, पहाटे कंपनीच्या बसने जातात. त्याला पुणं कसं वाटतं विचारलं तर म्हणाला, "इथे पत्ता विचारला तर लोक आधी माझ्याकडे बघतात, मग पाटीकडे बोट दाखवतात." आणि एक गंमत सांगू? तो बोलायचा आमच्यासारखंच. पण गडबडला की गावचं बोलणं यायचं. 'मला'चं 'मले' झालं की समजायचं, स्वारी घाबरली!

*

आता सायकल-व्यूह. माझा! जगात कोणी मांडला नसेल असा.

आम्ही पाच मुली धायरीहून शाळेत सायकलने जातो, सिंहगड रोडने. ज्यांनी तो रस्ता सकाळी बघितलाय त्यांना सांगायला नको. बस, डंपर, सहा आसनी रिक्षा, दूधवाले, आणि कुठूनही उगवणारे कुत्रे. म्हणून आमची जाण्याची एक पद्धत आहे. सगळ्यांत पुढे पूर्णिमा, माझी जिवाची मैत्रीण, कारण तिच्या सायकलची घंटी मोडली आहे पण गळा शाबूत आहे. तिच्या मागे आतल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, रस्त्याच्या कडेला हिरा. हिरा माझी चुलत बहीण, सहावीत, पाय जेमतेम पेडलला पोचतात. तिच्या उजवीकडे दोघी जणी. आणि सगळ्यांत मागे, उजवीकडे, डंपरच्या बाजूला – मी. वेग हिराचा. ती दमली तर सगळ्या हळू.

एका सकाळी पुलाजवळ एक रिक्षावाला आमच्यात घुसायला बघत होता. मी मागून पुढे सरकले, त्याला बाहेर दाबलं, आणि एकदम डोक्यात वीज चमकली – अगं, हा व्यूह आहे!

त्या शनिवारी मी फौज तिरकी मांडली. नकाशाच्या डाव्या कडेला नदी असते. नदीच्या काठाकाठाने निघायचं. काठालगत आत तिरंदाज, म्हणजे आमची हिरा. पुढे आणि उजवीकडे भालाईत. आणि सगळे घोडेस्वार मागे, उजव्या टोकाला, म्हणजे मी. नदीतून कोणी येत नाही. जो येईल तो उजवीकडून, आणि उजवीकडे मी आहे!

कॅफेतली सगळी मुलं हरली. एकामागून एक. अकरावीचा एक गॉगलवाला तर म्हणाला माउस खराब आहे, ऋषीदादाने माउस उघडून त्यातला गोळा त्याच्या हातात ठेवला, "घे, घरी नेऊन धू." मला वाटत होतं मी रसवंतीच्या छतावरून उडणार! शाळेत मागच्या बाकावर बसणारी, उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी. आता वर्गात पहिला हात माझा. बाईंनी पूर्णिमाला विचारलं, "हिला झालंय काय?" पूर्णिमा म्हणाली, "घोडे मिळालेत, बाई."

फक्त एक जण नुसता बघत होता. प्लायवूडवर हनुवटी टेकून.

"खेळायचं?" मी विचारलं.

"आज नाही," बद्री म्हणाला. "आधी नीट बघू दे."

"काय बघतोस? स्क्रीन इकडे आहे."

तो इतका लाल झाला की मीच खाली बसले.

*

नवरात्रात ऋषीदादाने बातमी फोडली. दिवाळीच्या सुटीत लोणी काळभोरच्या एका कॉलेजमध्ये 'फौज'ची स्पर्धा. पुण्यातल्या प्रत्येक कॅफेतून एकच खेळाडू. आमच्या कॅफेचा खेळाडू रविवारच्या सामन्यांतून ठरणार.

मी घरी धावत गेले. पप्पा ओट्यावर बसून सिमेंटच्या गाडीची वाट बघत होते. आमचं आता बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे. मी सगळं एका दमात सांगितलं. अर्ज टाइप करण्यापलीकडेही आपण कॉम्प्युटरवर काही करतो, हेही त्यात सांगून टाकलं.

पप्पांनी रस्त्यावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "लढाई हाय म्हण की."

"हो."

"पहिली आलीस तर लोणी काळभोरला मी सोताच्या जीपनं नेतो. न्हाय आलीस, तर दहावीची परीक्षा होईस्तोवर कॅफेची पायरी चढायची न्हाय. हाय कबूल?"

जरा विचार करायला हवा होता. पण अलीकडे माझं तोंड माझ्याआधी उत्तर द्यायला लागलं होतं. "कबूल!"

रात्रभर... नाही, रात्रभर नाही, मला झोप छान लागते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर मला नीट कळलं मी काय पणाला लावलं होतं. स्पर्धा तर होतीच. पण कॅफे बंद म्हणजे शनिवार बंद. शनिवार बंद म्हणजे प्लायवूडवरचं ते डोकं, तो एक गाल, जिन्यातलं ते भांडण... सगळं मार्चपर्यंत बंद.

रविवारच्या सामन्यांत मी माझ्या गटातल्या सगळ्यांना हरवलं. बद्रीने त्याच्या गटातल्या. म्हणजे अंतिम सामना, पुढच्या रविवारी – मी आणि तो!

शनिवारी आम्ही सरावाला बसलो. मी सायकल-व्यूह मांडला, ऐटीत. नदीकाठाने माझी फौज निघाली. आणि मग... नदीकाठच्या झाडांतून, जिथून कधी कोणी येत नाही तिथून, त्याचे मूठभर घोडेस्वार बाहेर पडले आणि माझ्या तिरंदाजांवर पडले. माझ्या हिरावर! मी विचारही केला नाही. उजव्या टोकाचे माझे सगळे घोडे आत वळवले, पार मागून वळसा घालून. तेवढ्यात उजवीकडून त्याची अख्खी फौज आत. माझा झेंडा गेला.

मी उठून त्याच्या खुराड्यात गेले. "तुला कसं कळलं?"

"काय?"

"की मी घोडे वळवणार. दुसरं कोणी वळवलं नसतं. मूठभर तिरंदाजांसाठी कोणी वळवत नाही. तुला कसं माहीत, मी वळवणार म्हणून?"

तो कीबोर्डकडे बघत राहिला. "मी... मी बसने शाळेत जातो ना. तुमच्याच रस्त्याने. तुम्ही पाच जणी दिसता. एकदा त्या छोटीच्या अंगावर फुटपाथकडून कुत्रा आला होता. ती डगमगली. तू मागून, उजवीकडून, सरळ आत घुसलीस, आमच्या बसच्या तोंडासमोरून. ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की मी पुढच्या काकूंच्या भाजीच्या पिशवीत."

"तू बसमधून माझ्याकडे बघतोस?"

"नाही..." मग अगदी हळू, "डावीकडची खिडकी मिळाली तर."

बाहेर पाऊस पडत होता, ऑक्टोबरातला, वाट चुकलेला. रसवंतीच्या पत्र्यावर टपटप, आणि खालून उसाचा आणि आल्याचा वास. तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. दोघेही त्याच्या स्क्रीनवरचा माझा पडलेला झेंडा बघत होतो. कोणीतरी मला इतकं नीट बघितलं होतं की माझ्या घोड्यांनाही कळायच्या आधी त्याला कळलं, मी कुठे धावणार ते!

मी चप्पल न शोधताच जिना उतरले. अर्ध्यावरून परत आले, चप्पल घेतली आणि पुन्हा उतरले.

*

पूर्णिमाला सांगितलं. तिने आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग म्हणाली, "सोप्पं आहे. पप्पांची अट त्याला सांग. तो हरेल की तुझ्यासाठी."

"खबरदार!" मी म्हणाले.

पण पूर्णिमाचा गळा म्हणजे गळा. रविवारी मी कॅफेवर पोचले तर बद्री जिन्यातच उभा. चेहरा उतरलेला.

"तू मले... मला सांगितलं का नाही? हरलीस तर तू मार्चपर्यंत येणारच नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

तो चपलांच्या ढिगाकडे बघायला लागला.

"बघ. म्हणूनच नाही सांगितलं."

"पण मग दिसणार कशी..." तो अडखळला.

"बसमधून दिसेन की."

"रोज खिडकी मिळते का!"

किती रागाने म्हणाला तो! आणि मला इतका आनंद झाला की कठडा धरावा लागला. पण मी आवाज कडक केला. "हे बघ, बद्री. मी आजवर जे काही जिंकलेय ते माझं आहे. आज तू मुद्दाम हरलास ना, तर ते सगळं खोटं होईल. पूर्ण जोर लावून खेळ. नाहीतर मी उद्यापासून दुसऱ्या रस्त्याने शाळेत जाईन. मग बस खिडकीत!"

त्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच सरळ, प्लायवूडशिवाय. "तू लय वाईट आहेस," तो म्हणाला. "लावतो जोर."

कॅफे खचाखच. खुराड्यांवर मुलं चढलेली. आणि दारात पप्पा! चपला काढून, जीपची किल्ली बोटात फिरवत, कुठे उभं राहावं ते न कळून गल्ल्याला टेकून उभे. ऋषीदादाने त्यांना स्टूल दिलं, "बसा, सर्जेराव. तुमचीच सेना आहे."

आता खरं सांगते, मी सकाळपर्यंत अडकले होते. सायकल-व्यूह त्याला माहीत. त्याची मोडही त्याला माहीत. घोडे वळवायचे नाहीत असं मी मनाला शंभर वेळा बजावलं होतं, पण हिराच्या जागेवर कोणी तुटून पडलं की माझा हात आपोआप वळणार, हे मला पक्कं माहीत होतं.

पण त्याच सकाळी हिरा आणि मी दूध आणायला सायकलने गेलो होतो. आणि तोच कुत्रा! तसाच कडेने, तसाच तिच्या अंगावर. मी मागून आत घुसणार, तेवढ्यात हिराने दोन्ही पाय उचलून दांड्यावर घेतले, "हाड!" म्हणून अशी किंचाळली की कुत्राच खड्ड्यात, आणि पुढे निघूनसुद्धा गेली. वर वळून मला म्हणते, "ताई, तू मध्ये घुसू नकोस ना. तुझ्यामुळेच पडेन मी."

हिरा मोठी झाली होती, आणि मला पत्ताच नव्हता!

सामना सुरू झाला. मी तिरकी फौज मांडली, नदीकाठाने. मागून पोरांचे सुस्कारे, "परत तेच?" फौजमध्ये लांबून सैनिक नुसते ठिपके दिसतात. कोण तिरंदाज, कोण भालाईत, ते अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही. बद्रीला ठिपके दिसले, ओळखीचे. आतल्या बाजूला काठालगत हिराची जागा. झाडांतून त्याचे घोडेस्वार निघाले, या वेळी मूठभर नाही, निम्मे!

उजव्या टोकाच्या घोड्यांवर माउस होता. वळव, वळव, वळव... मी श्वास धरला. आणि नाही वळवले.

कारण हिराच्या जागेवर तिरंदाज नव्हतेच. तिथे माझे सगळ्यांत चिवट भालाईत होते. त्याचे घोडे त्यांच्यावर आपटले आणि – थांबले. थांबलेच. पुढे नाहीत, मागे नाहीत.

आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. इतका वेळ? बद्री कधी इतका वेळ थांबतो? मी उभी राहून ओरडले, "बद्री! मुद्दाम थांबलास ना तर बघ!"

"थांबलो नाही गं!" पलीकडून रडवेला आवाज. "अडकलो! तू तिथे भाले काऊन ठेवले!"

अख्खं कॅफे हसलं. मी खाली बसले आणि माझे सगळे घोडे सोडले, सरळ, उजवीकडून, त्याच्या मोकळ्या मैदानातून. त्याने शेवटी शेवटी गढीपुढे चाळण लावली, अगदी घाईघाईत, आणि खूप छान लावली. पण मी आधी थोडंसंच पीठ टाकलं. मग उरलेलं.

झेंडा पडला.

मला आवाज आठवत नाहीत. पूर्णिमा ओरडत असणारच. मला एवढंच आठवतं की प्लायवूडवरून डोकं वर आलं, घामाने केस चिकटलेले, आणि तो हसत होता. डावा गाल आत. हरलेला माणूस असा हसतो?

"जोर लावला होतास?" मी विचारलं.

"आईशप्पथ. सगळा." मग फक्त मला ऐकू येईल असं, "हरावंसं वाटत होतं. पण तू रस्ता बदलला असतास."

घरी जाताना जीप धायरीच्या रस्त्याला वळल्यावर पप्पा म्हणाले, "ते पोरगं कोन गं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "कुठलं?"

"तेच, अडकलेलं." गिअर टाकला. "चांगलं खेळतंय. पर घोडी लय लवकर काढली त्यानं. समोरचं मानूस बदलतंय, हे ध्यानात न्हाय घेतलं." आणि मिशीत हसले. मला वाटतं हसले. पप्पांचं सांगता येत नाही.

(लोणी काळभोरला मी तिसऱ्या फेरीपर्यंत पोचले. तिथे एका मुलाने बिनघोड्यांची फौज आणली होती! ते कोडं अजून सोडवतेय.)

*

पण खरी गोष्ट कॅफेतल्या त्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी घडली.

आम्ही पाच जणी फाट्यावर जमलो. धुकं, भजीच्या गाडीचा पहिला धूर, आणि समोरून डुगडुगत एक सायकल आली. जुनी, उंच, मागे कॅरिअर. तिच्यावर बद्रीनाथ. हँडल असं घट्ट धरलेलं, जणू ते पळून जाईल.

"बस चुकली?" पूर्णिमाने गळा लावला.

"नाही." तो माझ्याकडे बघत होता. "मोर्शीत मी रोज चालवायचो. पण तिथे रस्त्यावर फक्त मी आणि संत्र्याचे ट्रॅक्टर. इथे थोडी भीती वाटते. म्हटलं... खिडकीचा भरवसा नाही."

चौघी जणी एकदम शांत झाल्या. पूर्णिमासुद्धा! हिरा तोंडावर हात धरून हसत होती.

"मी मागे येऊ?" त्याने विचारलं. "उजवीकडे? डंपरच्या बाजूला?"

"ती माझी जागा आहे."

"मग पुढे?"

"तिथे पूर्णिमा."

"मग मी कुठे?"

मी रात्रीच ठरवलं होतं. तो येईल हे माहीत नव्हतं, तरी ठरवलं होतं. "हिरा, तू आजपासून बाहेरच्या बाजूने," मी म्हणाले. हिराने सायकल अशी ऐटीत वळवली, जणू तिला घोडा मिळाला. मग मी बोट दाखवलं. आत. डावीकडे. रस्त्याच्या कडेला.

बद्रीने त्या जागेकडे बघितलं. त्या जागेचा अर्थ माझ्याइतका अख्ख्या पुण्यात एकाच माणसाला माहीत होता.

"पण..." त्याचे कान लाल झाले. "तिथे काही झालं तर तू सगळं सोडून येतेस."

"हो."

"बसच्या तोंडासमोरून."

"हो."

"मले... मले माहीत आहे ते."

"मलाही," मी म्हणाले. "चल, उशीर होतोय."

पूर्णिमाने पुढून आरोळी ठोकली, आणि आमची फौज निघाली. वेग बद्रीनाथचा.